गहाणखत, सावकार आणि मधला माणूस: कागद कुणाच्या हातात?

१/ ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्थानकातून बाहेर पडा. विजेच्या खांबांवर आणि रिक्षांच्या पाठीवर एक पत्रक हमखास दिसते : ‘गृहकर्ज, कमी व्याज, त्वरित मंजुरी’. खाली नाव नसते, केवळ एक भ्रमणध्वनी क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या पलीकडचा माणूस बँकेचा नोकर नसतो आणि आपलाही नसतो. तो मधला असतो. या मधल्या माणसाने काम बिघडवले, तर कर्ज घेणाऱ्याच्या हाती काय उरते? हा प्रश्न आजचा वाटतो, पण महाराष्ट्रात तो फार जुना आहे. आजचा थ्रेड त्याच्या इतिहासाविषयी. 🧵

२/ आधी आजचे चित्र. घर पसंत पडते, टोकन दिले जाते, उरलेली रक्कम अमुक दिवसांत देण्याचे ठरते. एजंट सांगतो, ‘फाइल लॉगिन झाली, आठ दिवसांत मंजुरी’. आठाचे पंचवीस दिवस होतात. दरम्यान त्याने तीच फाइल एकाच वेळी चार ठिकाणी टाकलेली असते, आणि प्रत्येक धनकोने केलेली चौकशी ग्राहकाच्या पत-इतिहासात नोंदली जाते. मुदत उलटते, टोकन बुडायची वेळ येते. तक्रार करायला निघालेल्या माणसापाशी पुरावा म्हणून एकच वाक्य असते : ‘त्याने फोनवर सांगितले होते.’

३/ ‘दलाल’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ धातू वाट दाखवण्याशी संबंधित आहे. दलाल म्हणजे वाट दाखवणारा. बाजार मोठा, माणसे अनोळखी, म्हणून वाटाड्या लागतो. त्यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच, की वाटाड्याची मजुरी कोण देतो. गृहकर्जाच्या एजंटाला मोबदला साधारणतः बँक किंवा वित्तसंस्था देते, तोही कर्ज वितरित झाल्यावर. ग्राहकाला तो ‘आपला माणूस’ वाटतो. हिशेब मात्र दुसऱ्याच्या वहीत असतो.

४/ पुढे जाण्यापूर्वी काही संज्ञा. कर्ज देणारा धनको, घेणारा ऋणको. स्थावर मिळकत तारण ठेवून घेतलेले कर्ज म्हणजे गहाण. जमिनीचा ताबा सावकाराकडे गेला तर ते ताबेगहाण. ताबा ऋणकोकडेच राहिला आणि मिळकत केवळ ‘नजरेने’ बांधली गेली तर ते नजरगहाण. तिसरा प्रकार सर्वांत धारदार : ‘गहाण-लहान’. मुदतीत पैसे फेडले नाहीत, तर गहाणाचेच खरेदीखत समजावे, अशी अट. एका ओळीच्या अटीने शेत कायमचे जाई. ती ओळ लिहिणारा कोण आणि वाचून दाखवणारा कोण, यावर सारे अवलंबून असे.

५/ आता थेट दोन हजार वर्षे मागे. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, काळ सुमारे इसवी सनाचे दुसरे शतक. त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणांची कायमची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली : २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने, १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. हे गहाण नव्हे, ठेव आहे. पण व्यवहार पैशांचा, व्याजाचा आणि विश्वासाचाच आहे.

६/ या लेखातील शेवटची माहिती आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची. हा व्यवहार निगमसभेत जाहीर वाचून दाखवला गेला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला गेला, असे तो सांगतो. म्हणजे रक्कम, दर, कोण देतो आणि कोण घेतो, या चारही गोष्टी देणारा-घेणारा यांच्याबाहेरच्या तिसऱ्या जागी लिहिल्या गेल्या. राजाचा जावईसुद्धा तोंडी शब्दावर थांबला नाही. त्याच सुमारास कल्याणचे व्यापारी कान्हेरीच्या लेण्यांत दाने देत होते आणि तीही दगडात कोरून ठेवत होते. पैशाची नोंद सार्वजनिक असावी, ही जाणीव या प्रदेशाला परकी नाही.

७/ मग बिघडले कुठे? जुनी मोडी गहाणखते पाहिली की उत्तर सुचते. मजकूर एका हाताचा, सही दुसऱ्याची. लिहिता न येणारा कुणबी आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करी. म्हणजे ज्याची जमीन बांधली जात होती, त्याला तो कागद वाचता येत नव्हता. लिहिणारा कारकून अनेकदा सावकाराच्याच ओळखीचा. शिवाय कागद पुरा झाला की तो सावकाराच्या पेटीत जाई. ऋणकोकडे नक्कल राहत नसे. पावती मिळे, न मिळे. फेडीची आठवण एकाची, हिशेबाची वही दुसऱ्याची.

८/ व्याजावर बंधन नव्हते का? होते. ‘दामदुप्पट’ हा हिंदू धर्मशास्त्रातील नियम : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो मानला. १८५५ साली इंग्रज सरकारने व्याजदरावरील कायदेशीर मर्यादा उठवली, तरी येथे दामदुप्पट टिकली. परंतु या नियमाला एक पळवाट होती. जुने व्याज नव्या कागदात ‘मुद्दल’ म्हणून लिहिले, की दामदुप्पटीची मोजणी नव्याने सुरू होई. नियम आकड्यांवर होता. आकडे लिहिणारी लेखणी मोकळीच राहिली.

९/ १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने हेच दुखणे वाढवले. कर्जरोख्यावर दावा करण्याची मुदत तीन वर्षे ठरली. हेतू असा, की व्याज वर्षानुवर्षे साचू नये. प्रत्यक्षात काय झाले? दर तीन वर्षांनी सावकार रयतेला बोलावून नवा रोखा लिहून घेऊ लागला. जुने मुद्दल, जुने व्याज, सारे मिळून नवे मुद्दल. ऋणकोच्या हिताचा कायदा कागदाच्या मालकाने स्वतःच्या सोयीचा करून घेतला. सुधारणेच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते.

१०/ आणखी एक जुना शब्द : ‘मनोती’. मराठेशाहीच्या आर्थिक कागदांत तो येतो. कर्ज देताना व्याजाखेरीज सावकार जी वरकड रक्कम घेई, ती मनोती. म्हणजे कागदावरचे शंभर आणि पदरात पडलेले शंभर सारखे नसत. आजच्या गृहकर्जातील प्रोसेसिंग फी, कायदेशीर तपासणीचा खर्च, मूल्यांकनाचा खर्च, विम्याचा हप्ता आणि एजंटाने ‘वरचा खर्च’ म्हणून रोख मागितलेली रक्कम यांची बेरीज करून पाहावी. शब्द बदलले, ‘हातात नक्की किती आले?’ हा प्रश्न तसाच आहे.

११/ न्यायालयांनी मधूनमधून दिलासा दिला. १८६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘रामजी विरुद्ध चिंतो’ हा दावा आला. वाद गहाण-लहान अटीचाच. न्यायालयाने ऋणकोचा गहाण सोडवण्याचा हक्क मानला : जे गहाण म्हणून सुरू झाले, ते केवळ मुदत टळली म्हणून खरेदी होत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १८७० मध्ये एका मद्रासी दाव्यात या विचारसरणीवर टीका केली, परंतु मुंबईकडच्या ऋणकोसाठी हा निकाल आधार ठरला. कागदावर काय लिहिले आहे याबरोबरच व्यवहार मुळात काय होता, हे पाहण्याची दृष्टी त्यातून आली.

१२/ पुढे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा झाला. मुंबई इलाख्यात तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याचे कलम ६० आजही जिवंत आहे : पैसे फेडल्यावर गहाण सोडवून घेण्याचा हक्क, आणि त्याबरोबर धनकोच्या ताब्यातील मिळकतीचे सारे कागद परत मागण्याचा हक्क. नव्वदीच्या दशकात डोंबिवलीत घेतलेल्या वन रूम किचनचे कर्ज फेडून बँकेतून मूळ करारनामा परत आणणारे काका-काकू याच कलमाच्या छत्राखाली उभे असतात, त्यांना ते ठाऊक असो वा नसो.

१३/ पण न्यायालयापर्यंत पोहोचणे साऱ्यांना कुठे परवडे? १८६० च्या दशकात अमेरिकी यादवी युद्धामुळे दख्खनच्या कापसाला भाव आला, उधारी सैल झाली. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास सारावाढही झाली. सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुन्या रोख्यांवर दावे सुरू केले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी, बाजाराच्या ठिकाणी, भोवतालच्या गावांतील रयत जमली. तेथून उठावाचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरले.

१४/ या उठावातील लोकांचा रोख कशावर होता? वह्या आणि कर्जरोखे यांवर. जमावाने ते मागितले, हिसकावले, चौकात जाळले. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले, तेथे बहुधा पुढची मारझोड झाली नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा तपशील फार बोलका वाटतो. निरक्षर म्हणून हिणवल्या गेलेल्या रयतेने आपल्या दास्याचे नेमके स्थान ओळखले होते. जो कागद आपल्याला वाचता येत नाही आणि ज्याची नक्कल आपल्याकडे नाही, तो जाळण्यापलीकडे त्यांच्या हाती दुसरा उपाय उरला नव्हता.

१५/ सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये पुढे आला आणि १८७९ मध्ये ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ झाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. पुढे त्यातील अनेक तरतुदी इलाख्यात इतरत्रही लागू झाल्या. तरुण वाचकांनी हा कायदा मुळातून जरूर चाळावा. त्यातील तीन गोष्टी आजच्या कर्जदारालाही लगेच ओळखीच्या वाटतील.

१६/ पहिली : शेतकऱ्याने करून दिलेला दस्त ग्रामनिबंधकासमोर झाला पाहिजे, एरवी तो ग्राह्य नाही. म्हणजे तिसऱ्याची साक्ष. दुसरी : फेडलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास पासबुक मिळण्याचा ऋणकोचा हक्क, धनकोने टाळल्यास दंड. म्हणजे स्वतःच्या हातातला कागद. तिसरी : न्यायालयाने शेवटच्या रोख्यावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा. म्हणजे जुने व्याज मुद्दलात कोठे मुरवले, ते उकरून काढावे. न्यायासनाने इतिहासकाराचे काम करावे, असे कायद्यानेच सांगितले!

१७/ योगायोग असा, की या कायद्याखालील विशेष न्यायाधीशपद १८८७ मध्ये आले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो; त्याच माणसाने दख्खनच्या कर्जबाजारी रयतेच्या खटल्यांचेही काम पाहिले. मात्र कायद्याने सारे सुटले नाही. गहाणावर बंधने आली, तेव्हा सावकार गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि ‘पैसे दिलेस की परत देईन’ एवढे तोंडी सांगू लागले. मग दिसायला खरेदी असलेला व्यवहार मुळात गहाणच होता का, हे तपासण्याची मुभा न्यायालयांना द्यावी लागली. तोंडी आश्वासन हे कागदाच्या पळवाटेचे जुने नाव आहे.

१८/ आता घाट उतरून ठाण्याकडे येऊ. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली. पुढच्या शतकात मुंबईत जागा न परवडणारा नोकरदार याच रुळांवरून उत्तरेला सरकत गेला. १९८२ मध्ये ठाणे आणि १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका झाली. तोवर मध्यमवर्गीयाचे घर भविष्य निर्वाह निधी, सोने आणि नातेवाइकांकडची उसनवारी यांवर उभे राही. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी स्थापन केली, १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली आणि पगारावर दीर्घ मुदतीचे गृहकर्ज ही गोष्ट हळूहळू सर्वसाधारण झाली.

१९/ कर्जदार लाखोंनी वाढले, तसा मधला माणूसही परतला. आता तो ‘डीएसए’, म्हणजे बँकेच्या वतीने ग्राहक आणणारा एजंट. सोबत गहाणाचा प्रकारही बदलला. शहरात बहुतेक गृहकर्जांत मूळ दस्त बँकेकडे जमा करून गहाण निर्माण होते. ही पद्धत १८८२ च्या कायद्यात मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा व्यापारी शहरांसाठी होती. अधिसूचनांनी ती इतर शहरांत पसरली. येथे नांगराची निशाणी नाही, गहाणखत लिहिणारा कारकूनही नाही. पण शेवट तोच : आपले मूळ कागद दुसऱ्याच्या तिजोरीत.

२०/ म्हणून महाराष्ट्रात २०१३ पासून असे दस्त जमा केल्यावर ३० दिवसांच्या आत त्याची सूचना, म्हणजे ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’, निबंधकाकडे दाखल करावी लागते. ही जबाबदारी कायद्याने ऋणकोवर टाकली आहे. अनेकजण तिचे पैसे एजंटाच्या हाती देऊन मोकळे होतात आणि नोंदीची प्रत कधी मागत नाहीत. एजंटाने ते काम केलेच नाही, तर जाब ऋणकोला विचारला जाईल. उषवदाताच्या फलकाची आठवण येथे व्हावी : नोंद झाली असे ऐकणे वेगळे, नोंद डोळ्यांनी पाहणे वेगळे.

२१/ ब्रिटनमध्ये ३१ ऑक्टोबर २००४ पासून गहाणकर्जाचा सल्ला देणारे मध्यस्थ थेट वित्तीय नियामकाच्या कक्षेत आले. भारताने वेगळी वाट घेतली : मध्यस्थाऐवजी बँकेला जबाबदार धरले. रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार कर्जाच्या अर्जाची पोच दिली पाहिजे. नोव्हेंबर २००६ च्या निर्देशांनुसार बाहेरच्या एजंटांकडून काम करून घेतले, तरी त्यांच्या कृतीची जबाबदारी बँकेचीच राहते. ‘तो आमचा माणूस नाही’ हे उत्तर नेमलेल्या एजंटाबाबत बँकेला देता येत नाही.

२२/ अलीकडचे दोन नियम १८७९ च्या शेजारी ठेवून वाचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे : ऋणकोला समजेल अशा भाषेत, साऱ्या शुल्कांसह वार्षिक खर्चाचा एकच दर दाखवणारे. त्यात नसलेले शुल्क ऋणकोच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. त्रयस्थांसाठी घेतलेल्या रकमांच्या पावत्या द्याव्या लागतात. दुसरा नियम १ डिसेंबर २०२३ पासूनचा : कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ दस्त परत, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवशी ५००० रुपये भरपाई. मनोती आणि सावकाराची पेटी, दोहोंना दीड शतकानंतर दिलेली ही उत्तरे आहेत.

२३/ पण केवळ कागद पुरेसा असतो का? डोंबिवलीचे अलीकडचे ६५ इमारतींचे प्रकरण याचे कठोर उत्तर देते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून, त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून या इमारतींतील घरे विकली गेली. अनेक कुटुंबांनी बँकांची गृहकर्जे काढून ती घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. घराचे भवितव्य टांगणीला लागले, तरी हप्त्याची तारीख थांबत नाही.

२४/ येथे कागद होते, शिक्के होते, नोंदणी क्रमांक होता, कर्जही मंजूर झाले होते. प्रत्येक दुव्याने मागच्या दुव्यावर विश्वास ठेवला. परवानगी जेथून निघाल्याचे सांगितले जात होते, त्या कार्यालयात जाऊन ताळा पाहण्याचे काम मधल्या मधे राहून गेले. १८७५ च्या रयतेकडे कागद नव्हता. २०२४ च्या रहिवाशांकडे कागदांची जाड फाइल होती. ‘बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद स्वच्छ’ असे सांगणारा एजंट म्हणूनच धोक्याचा. कागदाला बळ येते ते त्याच्या उगमाशी केलेल्या पडताळणीने. १८७९ चा ग्रामनिबंधक नेमका त्यासाठी होता.

२५/ आता व्यवहाराचे. एजंटाने काम रखडवले असेल, तर त्याला शंभर फोन करण्याऐवजी बँकेच्या शाखेला एक ईमेल करा : अर्जाची तारीख, एजंटाचे नाव, दिलेली रक्कम, दिलेली आश्वासने आणि फाइल आज कुठे आहे हा प्रश्न. हा एजंट आपण नेमलेला आहे का, हेही त्यातच विचारा. फोनवर बोलणे झाले तर लगेच ‘आत्ता आपले असे बोलणे झाले’ एवढा संदेश पाठवून ठेवा. मूळ दस्त देताना त्यांची यादी बँकेकडून सही-शिक्क्यासह घ्या. रोख रक्कम पावतीशिवाय देऊ नका. एकाच वेळी किती ठिकाणी अर्ज जाणार, हे आधी लिहून घ्या.

२६/ बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर असमाधानकारक असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. २०२१ पासून ही यंत्रणा देशभर एकत्रित आहे. कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल, तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते. एजंट कुणीही न नेमलेला, स्वतंत्र दलाल असेल आणि त्याने शुल्क तुमच्याकडूनच घेतले असेल, तर लोकपाल उपयोगाचा नाही. तेथे सेवेतील त्रुटीबद्दल ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाची वाट आहे. साधारणपणे दोन वर्षांच्या आत. खोटे कागद किंवा फसवणूक असेल, तर पोलीस ठाणे. चुकीच्या दारावर गेलेले महिने परत मिळत नाहीत, म्हणून ही विभागणी लक्षात ठेवावी.

२७/ ग्राहक म्हणून दाद मागण्याची ही वाटही आयती मिळालेली नाही. सुप्याच्या उठावानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७५ मध्ये, मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. महाराष्ट्रातील ग्राहक चळवळीने जागृती केली, पाठपुरावा केला, आणि १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. आजचा २०१९ चा कायदा त्याचाच वारस. एका शतकात रयतेच्या हातातील पेटत्या रोख्याची जागा तक्रार अर्जाने घेतली. अर्जाला वेळ लागतो, चिकाटी लागते. पण त्याची पोच मिळते.

२८/ सार असे. नाशिकचा फलक, सुप्याचे जळते रोखे, १८७९ ची पावती, डोंबिवलीच्या बनावट परवानग्या : चारही ठिकाणी झगडा व्याजदराच्या आधी कागदाचा आहे. तो कुणी लिहिला, कुणाला वाचता येतो, नक्कल कुणाकडे आहे आणि तिसऱ्या कुणी तो तपासला आहे? मधला माणूस चांगलाही असतो. अनेकांना घर त्याच्यामुळेच मिळते. परंतु या चार प्रश्नांची उत्तरे जो ऋणको स्वतःकडे ठेवतो, त्याला चांगल्या वाटाड्याचा उपयोग होतो आणि वाईटाने मोठे नुकसान होत नाही.

२९/ जाता जाता एक विनंती. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळचे मोडी गहाणखत, कर्जरोखा किंवा सावकाराची पावती असेल, तर ती रद्दीत टाकू नका. छायाचित्र काढून ठेवा, मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. रक्कम, मुदत, लिहिणाऱ्याचे नाव, साक्षीदार आणि शेवटची निशाणी पाहा. मग घरातल्या चालू गृहकर्जाची फाइल काढून दोन्ही शेजारी ठेवा. आपल्या फाइलमध्ये कोणता कागद नाही, हे तेव्हा चटकन दिसेल. तो मागायला उद्याच शाखेत जा.